सिटीज स्कायलाइन्स १ : पुणे जंक्शन ते चिंचवड मार्ग खरा दिसावा आणि गाड्याही अडकू नयेत, यासाठी काय करावं?

घोरपडी_लूप

सिटीज स्कायलाइन्स या शहर उभारण्याच्या संगणक खेळात सगळे ८१ चौकोन उघडलेल्या नकाशावर पुणे जंक्शन, शिवाजीनगर, खडकी, दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड असा मार्ग टाकला आहे. मूव्ह इट, ट्रॅफिक मॅनेजर प्रेसिडेंट एडिशन, नेटवर्क मल्टिटूल, नोड कंट्रोलर, नेटवर्क अनार्की, नेटवर्क स्किन्स २ आणि फाइंड इट २ हे मॉड (खेळात भर घालणारी जोड) चालू आहेत. डावीकडून वाहतूक हा पर्याय शहर सुरू करतानाच निवडला होता.

अडचणी अशा:

जंक्शनला सहा फलाट आहेत, प्रत्येक २४ घरांचा (घर म्हणजे खेळाच्या जाळीतला एक छोटा चौकोन). शिवाजीनगरच्या बाजूला फलाट संपल्यावर १० घरांत सगळे सांधे (एका रुळावरून दुसऱ्यावर जायच्या जोडण्या) बसवलेत. तिथे कायम कोंडी होते आणि रांग संगमाच्या पुलापर्यंत जाते. एक्सप्रेस गाडीला १ इंजिन आणि ११ डबे आहेत.

सांधे रस्त्याच्या वळणासारखे दिसतात, रेल्वेचे वाटतच नाहीत.

एक्सप्रेस जंक्शनला येऊन परत निघाली की इंजिन मागे राहतं आणि डबे पुढे धावतात.

यार्डात विजेचे खांब शेजारच्या रुळावर उभे राहतात.

शिवाय नकाशाच्या कोपऱ्यात खंडाळ्यासारखा छोटा घाट करायचा आहे. चढ किती ठेवू?

---

सांधेवाला

तुमच्या पहिल्या दोन अडचणींचं मूळ एकच आहे: ती १० घरं.

आधी गाडीची लांबी काढू. एक घर ८ मीटरचं, म्हणजे तुमचा फलाट १९२ मीटर. डब्ल्यूएपी-७ इंजिन साधारण २०.५ मीटर आणि एलएचबी डबा साधारण २४ मीटर. ११ डबे लावले की गाडी २८४ मीटरच्या पुढे जाते. ती फलाटावर उभी राहते तेव्हा मागचे ९० मीटर बाहेर लोंबतात, म्हणजे तुमच्या ८० मीटरच्या सगळ्या सांध्यांवर. कोंडी होणार नाही तर काय होणार! या फलाटाला १ इंजिन आणि ७ डबे एवढीच गाडी बसते, साधारण १८८ मीटर. २४ डब्यांची खरी गाडी हवी असेल तर ६०० मीटरचा फलाट लागेल, म्हणजे ७५ घरं. तसं स्टेशन केलं तर कॅम्पातल्या निम्म्या इमारती पाडाव्या लागतील.

दुसरी गोष्ट म्हणजे खेळात स्टेशन मास्तर नाही. पुढचा फलाट रिकामा होईपर्यंत गाडीला स्टेशनाबाहेरच्या होम सिग्नलला थांबवणारं कोणी नसतं. ती मिळेल तेवढं पुढे सरकते आणि सांध्यावरच थबकते. म्हणून शेवटच्या सांध्याच्या अलीकडे, शिवाजीनगरच्या बाजूला, मधे एकही फाटा नसलेला सरळ तुकडा ठेवा. तो गाडीच्या लांबीपेक्षा मोठाच हवा. १८८ मीटरच्या गाडीला २६ ते २८ घरं धरा. फलाटाचं टोक आणि पहिला सांधा यांच्यातही २-३ घरं मोकळी सोडा.

तिसरी गोष्ट फलाटांच्या वाटपाची. थांबा ज्या फलाटावर टाकाल, त्याच फलाटावर त्या मार्गाची गाडी जाते. शेजारचा मोकळा दिसतोय म्हणून ती तिकडे वळत नाही. तेव्हा लोणावळा लोकल एका कडेच्या दोन फलाटांवर ठेवा, मुंबई एक्सप्रेस मधल्या दोन आणि दौंड-मिरजेकडच्या गाड्या दुसऱ्या कडेच्या दोन फलाटांवर. मग सांधे दोन गटांत तोडता येतात आणि लोकल एक्सप्रेसला आडवी जात नाही. एकच लांब शिडी (ओळीनं सांधे असलेला तिरका रूळ) टाकून सहाही फलाट तिला जोडले, तर दिसायला यार्ड छान दिसतं, पण एका वेळी एकच गाडी हलते.

ट्रॅफिक मॅनेजरचं मार्गिका जोडण्याचं अवजार रुळांवरही चालतं. प्रत्येक सांध्यावर ते उघडून नको असलेल्या जोडण्या काढून टाका. तेवढ्यानंही बऱ्याच आडव्या हालचाली बंद होतात.

स्टेशनच्या माहितीच्या खिडकीत बाहेरगावच्या गाड्यांना परवानगी देण्याची खूण असते. ती फक्त जंक्शनला ठेवा, दापोडी-कासारवाडीची काढा. नाहीतर नकाशाबाहेरून येणाऱ्या गाड्या कासारवाडीला उतरायला रांग लावतील.

मालगाड्या पूर्ण वेगळ्या करा. खेळातली मालगाडी पूर्ण भरेपर्यंत कायम थांबून राहत नाही, अर्धवट रिकामीही निघते, त्यामुळे संख्या फुगत जाते. वाहनांवरच्या बंधनाच्या अवजारात प्रवासी गाडी आणि मालगाडी अशी वेगळी चिन्हं आहेत. लोकलच्या रुळांवर मालगाडी बंद करा. मात्र तिला दुसरी सलग वाट आहे ना, हे आधी बघा.

---

एकास_बारा

सांध्यांच्या दिसण्याबद्दल. आपल्या रेल्वेत सांधे १ला १२ आणि १ला साडेआठ असे ओळखले जातात. १ला १२ म्हणजे १२ मीटर पुढे गेल्यावर रूळ १ मीटर बाजूला सरकतो, कोन पावणेपाच अंशांच्या आसपास. १ला साडेआठचा कोन पावणेसात अंश. तुमच्या १० घरांत सहा फलाट जोडायचे म्हणजे कोन ३० अंशांच्या वर जाणार, आणि तो रस्त्याचाच कोन झाला.

आता हिशेब. नव्या कामात दोन रुळांच्या मध्यरेषांमधलं अंतर ५.३ मीटर धरतात. ५.३ गुणिले १२ म्हणजे ६३.६, म्हणजे जवळजवळ ८ घरं. मुख्य मार्गावरचा क्रॉसओव्हर, म्हणजे दोन समांतर रुळांमधली जोडणी, करायचा तर एका रुळावर नोड (तुकडे जोडणारा बिंदू) घ्या, दुसऱ्या रुळावर ८ घरं पुढे नोड घ्या आणि दोन्ही जोडा. यार्डात १ला साडेआठ चालतो, त्याला ४५ मीटर पुरतात, म्हणजे साडेपाच घरांहून जरा जास्त. रूळ खेळाच्या जाळीवरच ८ मीटरवर ठेवले असतील, तर १ला १२ साठी १२ घरं लागतील. समांतर रूळ नेटवर्क मल्टिटूलनं काढा आणि अंतर आकड्यात द्या. हातानं ओढलेले रूळ पिंपरीपर्यंत जाईतो मीटरभर तरी इकडे-तिकडे होतातच.

सहा रुळांची शिडी असेल तर पाच अंतरं येतात. मधे फलाट असल्यानं सरासरी १० मीटर धरली तर ५० गुणिले साडेआठ, म्हणजे ४२५ मीटर, ५३ घरं. एवढी जागा लागतेच. सांधेवाल्यांनी सांगितल्याप्रमाणे दोन गट केलेत, तर प्रत्येक गटाची शिडी छोटी होते आणि काम बरंच आटोपशीर बसतं.

इतक्या अरुंद कोनाला खेळ जोडणी नाकारतो, म्हणून त्या वेळी नेटवर्क अनार्की चालू हवी. जोडल्यावर नोडपाशी रूळ फुगतात किंवा खडीचा पट्टा पसरतो. कारण कोन जितका अरुंद, तितका खेळ नोडचा कोपरा लांब ओढतो. नोड कंट्रोलरमध्ये त्या नोडचं कोपऱ्याचं अंतर कमी-जास्त करून बघा. दोन नोड ४ घरांपेक्षा जवळ आले तर रूळ पिळल्यासारखे दिसतात. तिथे कंट्रोलर काही करू शकत नाही, नोडच हलवावा लागतो.

वळणांचंही तेच. आपल्याकडे वळण अंशात सांगतात: १७५० भागिले त्रिज्या मीटरमध्ये. ब्रॉडगेजला १० अंशांपेक्षा घट्ट वळण देत नाहीत, म्हणजे किमान त्रिज्या १७५ मीटर, २२ घरं. ही टोकाची मर्यादा झाली. मुख्य मार्गावर ४ अंश ठेवा, ४३७ मीटर, साधारण ५५ घरं. खडकीहून दापोडीकडे जाताना मुळेवरचा पूल सरळ ठेवा आणि वळण पुलाच्या आधी संपवा. पुलावरच वळण सुरू केलं की खांबांची दिशा प्रत्येक तुकड्याला बदलते, आणि ते फार वाईट दिसतं.

---

घोरपडी_लूप

७ डब्यांवर आणल्यावर कोंडी निम्मी झाली. धन्यवाद. शिडी आता तोडतोय. पण संपूर्ण मार्ग १ला १ मापानं ठेवला तर नकाशात मावेल का, की स्टेशनांमधली अंतरं दाबू?

---

सांधेवाला

मावेल. नकाशाची बाजू ९ गुणिले १.९२, म्हणजे १७.२८ किलोमीटर. कर्ण २४ किलोमीटरच्या वर जातो. पुणे ते चिंचवड रेल्वेनं साधारण १६ किलोमीटर आहे आणि मार्ग वायव्येकडे जातो, म्हणजे तो कर्णावरच बसतो. यार्ड आणि गाड्या उभ्या करायचे रूळ मात्र घोरपडीच्या बाजूला ठेवा. दौंड आणि मिरज हे दोन मार्गही तिथेच फुटतात. मुंबईच्या बाजूला नदी लगेच येते, तिथे जागा नाही.

वाहनांच्या मर्यादेवर लक्ष ठेवा. खेळात एका वेळी १६,३८४ वाहनं, आणि रेल्वेचा प्रत्येक डबा वेगळं वाहन म्हणून मोजला जातो. आठ गाड्यांचे आठ-आठ डबे काहीच नाहीत, पण मालगाड्या मोकाट सोडल्या की मोटारी आणि बस निघेनाशा होतात, आणि माणूस उगाच बसच्या आगारात दोष शोधत बसतो.

---

कर्जत_बँकर

इंजिन मागे राहण्याचं कारण असं की फलाटावरून उलट निघताना खेळ इंजिन सुटं करून दुसऱ्या टोकाला नेत नाही. अख्खी गाडी उलटी चालवतो, शेवटचा डबा पुढचा होतो. उपाय तीन आहेत. लोकलला प्रश्नच नाही, दोन्ही टोकांना चालकाची खोली असते. एक्सप्रेसला जंक्शनच्या पलीकडे घोरपडीकडे वळसा देऊन परत आणता येतं, पण १७५ मीटर त्रिज्येचा वळसा म्हणजे ३५० मीटर रुंदीची जमीन गेली. तिसरा उपाय मला सगळ्यात बरा वाटतो: दोन्ही टोकांना इंजिन.

असेट एडिटरमध्ये (खेळातल्या वस्तू बदलायच्या साधनात) ती गाडी उघडा, शेवटचा डबा काढून तिथे तेच इंजिन लावा, त्याला उलटं फिरवण्याचा पर्याय द्या आणि नव्या नावानं साठवा. मूळ असेटवर साठवू नका, स्टीम वर्कशॉपवरून ती अद्ययावत झाली की गोंधळ होतो. दोन इंजिनं झाली की डबे ६ करा, १८५ मीटरमध्ये बसतात. हे काही खोटं दिसत नाही. मध्य रेल्वेनं २०१९ मध्ये मुंबईच्या राजधानीला दोन्ही टोकांना इंजिनं लावलीच होती, कसारा घाटात बँकर (मागून ढकलणारं जादा इंजिन) जोडायला थांबायला लागू नये म्हणून.

आता घाट. भोर घाटाचा चढ १ला ३७ आहे, म्हणजे २.७ टक्के. १० घरांच्या, ८० मीटरच्या तुकड्याला २.१६ मीटर चढ द्या. ३ किलोमीटरचा घाट केलात तर ८१ मीटर उंची मिळते आणि दिसायला ती पुष्कळ होते. आधी जमीन उताराच्या अवजारानं तयार करा, मग रूळ टाका. उलटं केलं तर प्रत्येक नोडपाशी जमिनीला पायरी पडते. नेटवर्क अनार्कीत सरळ उताराचा पर्याय चालू ठेवा. शेवटी मूव्ह इटमध्ये सगळे नोड निवडून उतार जुळवा, म्हणजे दोन टोकांमध्ये चढ सारखा वाटला जातो. उतार संपतो तिथे मात्र एक-दोन नोड हातानं थोडे वर-खाली करून माथा गोलसर करा, नाहीतर गाडी पत्र्याच्या छपरावरून जाते तशी मोडते.

खेळात चढाचा गाडीवर काहीच परिणाम होत नाही, ती त्याच वेगानं चढते. म्हणून घाटाच्या तुकड्यांना ट्रॅफिक मॅनेजरमध्ये वेगमर्यादा ५० करा. रूळ तीन टाका, कर्जत-लोणावळा तिहेरीच आहे. उतरत्या रुळाला सुसाट सुटलेली गाडी थांबवणारी एखादी कॅच सायडिंगही दाखवा: बाजूला फुटून वर चढत जाणारा आणि वाळूत संपणारा रूळ. पण तिला मुख्य रुळाशी खरंच जोडू नका. अर्ध्या घराची फट ठेवा आणि वर सांध्याचा शोभेचा प्रॉप बसवा. खेळातली गाडी कधीच सुसाट सुटत नाही, मग उगाच एक नोड कशाला वाढवायचा?

---

एकास_बारा

खांबांचं राहिलं. आपल्याकडे खांब रुळाच्या मध्यापासून किमान अडीच मीटरवर असतो आणि रुळांमधलं अंतर ५.३, म्हणजे दोन्हीकडून अडीच मीटर सोडले तर मधे जेमतेम ०.३ मीटर उरतात, तिथे खांब नीट मावत नाही. तो बाहेरच्या बाजूला हवा. तुम्ही घेतलेल्या एकेरी रुळाला खांब कोणत्या हाताला येतो ते आधी एक तुकडा टाकून बघा आणि दुहेरी मार्गाला तो बाहेर पडेल असाच रूळ निवडा.

यार्डात नेटवर्क स्किन्सनं सगळे खांब काढून टाका आणि आडव्या कमानी प्रॉप म्हणून उभ्या करा. चार-सहा रूळ असले की खरं यार्डही कमानीच वापरतं. सरळ मार्गावर दोन खांबांत जास्तीत जास्त ७२ मीटर, म्हणजे ९ घरं. वळणावर साडेचार मीटरच्या पटीत कमी करत न्या: ६७.५, ६३, ५८.५. प्रॉप लाइन टूलमध्ये हे अंतर आकड्यात टाकता येतं. कमानीचे पाय फलाटावर टेकवताना आधी फलाटाची उंची बघून घ्या. प्रॉप जमिनीची उंची धरतो, त्यामुळे पाय फलाटात बुडतात. मूव्ह इटनं वर उचलण्यासाठी प्रॉप अनार्की लागेल.

---

घोरपडी_लूप

कमानी बसल्या. चौथ्या फलाटावरची अजून बुडतेय, पण ती प्रॉप अनार्की टाकल्यावर बघतो. डबे ६ आणि दोन इंजिनं केल्यावर गाडी पलटताना नीट दिसते.