सभेचा नाश्ता : चेनचा बर्गर की नाक्यावरचा वडा?

बी-४०२ (समिती):
आपल्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेच्या नाश्त्यासाठी या ग्रुपवर घेतलेला कौल आला. चेनच्या (एकाच नावाच्या अनेक शाखा असलेल्या दुकानाच्या) बर्गरला ७१ मतं, नाक्यावरच्या हॉटेलच्या बटाटेवड्याला ३८. माणसं १२० धरली आहेत. वडा स्वस्त, समोर तळलेला, आणि रोज संध्याकाळी तिथं आपलीच मंडळी उभी असतात. मग मोठी ऑर्डर म्हटलं की सगळे चेनकडे का वळतात? कारणं मोकळेपणानं लिहा, अजून कोणाला आगाऊ रक्कम दिलेली नाही.

ए-१०१:
दादा, स्वतःपुरता वडा खाणं आणि १२० जणांसाठी मागवणं हे दोन वेगळे निर्णय आहेत. आपला एक वडा बिघडला तर पंधरा-वीस रुपये गेले. सभेचा बिघडला तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. अशा वेळी माणूस सर्वात चांगलं शोधत नाही, फजिती होणार नाही एवढं बघतो.

अर्थशास्त्रात हे जुनं आहे. जॉर्ज अकरलॉफ यांचा १९७० चा जुन्या गाड्यांच्या बाजारावरचा निबंध आहे : माल कसा आहे ते विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं. २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं ते याच विषयावरच्या कामासाठी. त्यात महामार्गावरच्या हॅम्बर्गरच्या चेनचा उल्लेख आहे. गिऱ्हाईक परगावचं, त्याला इथलं चांगलं हॉटेल कुठलं ते ठाऊक नसतं, म्हणून ओळखीची पाटी बघून तो थांबतो. गावातला माणूस मात्र स्वतःच्या माहितीवर त्याहून बरी जागा निवडतो. एक्स्प्रेसवेवर खालापूरच्या फूड मॉलमध्ये हेच दिसतं. आणि आपल्याकडे निम्मी कुटुंबं गेल्या दोन-तीन वर्षांत राहायला आलेली. या नाक्यावर तीही अजून परगावचीच आहेत.

बी-९०३:
काकूंचं पटलं. पण चवीच्या आधीचीही कारणं आहेत. लहान मूल बरोबर असलं की पहिला प्रश्न स्वच्छतागृहाचा. आत कडी, पाणी आणि दिवा हवा. नाक्यावरच्या बहुतेक ठिकाणी ते नसतं, नाहीतर तिथं भांडी ठेवलेली असतात. दुसरं म्हणजे दरफलक. चेनमध्ये भाव वर लिहिलेला दिसतो, विचारावा लागत नाही. तिसरं, खाऊन झाल्यावर दहा मिनिटं बसलं तर कोणी टेबल पुसायला येत नाही. आजीआजोबा आणि मुलं घेऊन जाणाऱ्या बाईला याचं मोल फार असतं. १० किंवा जास्त शाखा असलेल्यांना पदार्थासमोर कॅलरीही लिहाव्या लागतात. साखर सांभाळणारे तेवढ्यासाठी तिथं जातात.

ए-६०२:
मान्य. पण वडापावचीही चेन होते हे विसरू नका. जंबोकिंग २००१ साली मालाडला सुरू झालं, गोली २००४ साली कल्याणला. दोघांनी गाडीवरचाच पदार्थ उचलला. म्हणजे लोकांना वडा नकोय असं नाही, त्यांना रोज तोच वडा हवाय. प्रश्न एवढाच, की आपल्या हॉटेलात तो रोज तसाच का होत नाही?

सी-७०४:
याचं उत्तर वजनकाट्यात आहे. बहुतेक छोट्या हॉटेलांत माप वस्तादाच्या हातात असतं. वस्ताद गावी गेला की चव गेली. चेनमध्ये कृती ग्रॅममध्ये लिहिलेली असते, मसाला एका जागी मिसळून पाकिटातून येतो, तळणीला घड्याळ लावलेलं असतं. त्यात कसब कमी असेल, पण माणूस बदलला तरी पदार्थ बदलत नाही.

वड्याचंच घ्या. १० किलो उकडलेला बटाटा, १३० ग्रॅम मीठ, पाव किलो हिरवी मिरची, २०० ग्रॅम लसूण, १०० ग्रॅम आलं, वर फोडणी. साधारण साडेदहा किलो सारण होतं. ६० ग्रॅमची गोळी केली तर १७५ वडे. हातानं अंदाजे वळली आणि ७० ग्रॅमची झाली तर १५०. पंचवीस वडे कुठं गेले ते मालकाला कळतच नाही. मग तो दुसऱ्या दिवशी गोळी लहान करायला सांगतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, वडा लहान केला.

दुसरी गोष्ट कोणी बोलत नाही : बटाटा. पावसाळ्याच्या शेवटी मंडईत बराच माल शीतगृहातला असतो. २ ते ४ अंशांवर महिनोन्महिने ठेवला की बटाट्यातल्या पिठाची साखर होते. सारण गोडसर आणि चिकट लागतं, काप तळले तर आतून शिजायच्या आधी बाहेरून काळपटतात. फ्राइज करणारे मोठे कारखाने ठरावीक जातीचा बटाटा करारानं घेतात आणि ८ ते १० अंशांवर ठेवतात, त्यामुळे त्यांचा रंग बदलत नाही. आपल्या हॉटेलवाल्यानं पोत्यातले दोन बटाटे चिरून आधी तळून बघावेत. पटकन तपकिरी झाले तर ते पोतं परत करावं. एवढं केलं तरी निम्मी तक्रार मिटते.

डी-३०५:
बिलाबद्दल एक गैरसमज दूर करते. बिलावर जीएसटी नाही म्हणजे हॉटेलवाला कर बुडवतो, असं इथं दोघांनी लिहिलं होतं. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेलं हॉटेल जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत जाऊ शकतं. ते उलाढालीवर ५ टक्के कर स्वतःच्या खिशातून भरतं आणि गिऱ्हाइकाकडून वेगळा घ्यायची त्याला परवानगीच नाही. चेनच्या बिलावर ५ टक्के दिसतात आणि ते आपण भरतो. म्हणजे ज्याला आपण चोर समजतो तो बऱ्याचदा नियमानंच चाललेला असतो. खात्री करायची तर बिलावर कंपोझिशनचा उल्लेख आणि अन्न परवान्याचा १४ आकडी क्रमांक बघा.

ए-६०२:
ताई, हे फार बरं केलंत. घरपोच खाणं मागवायच्या ॲपचाही हिशेब सांगा ना. लोक म्हणतात ॲपवर हाच वडा महाग आहे, मग चेनचा कॉम्बोच परवडतो.

डी-३०५:
ॲप हॉटेलकडून घेतं ते कमिशन २५ टक्के धरू, प्रत्येकाचा करार वेगळा असतो. २०० रुपयांच्या ऑर्डरवर ५० रुपये कमिशन, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ९. हातात १४१ उरले. त्यातून डबा, पिशवी आणि सवलतीतला वाटा जातो. म्हणून भाव चढवावा लागतो. चेनचा करार शेकडो शाखांचा एकत्र, त्यामुळे दर घासून मिळतो. समोरचं हॉटेल असेल तर फोन करून मागवा, हे ५९ रुपये वाचतात.

बी-४०२ (समिती):
हे सगळं कळलं. पण गेल्या वर्षी एका हॉटेलचे वडे थंड आणि लिबलिबीत आले होते, ते कोणी विसरलेलं नाही. ७१ मतांत बरीच त्याचीच असावीत. तसं परत झालं तर?

सी-७०४:
तसं का होतं ते सांगतो. १२० जण, प्रत्येकी दोन म्हणजे २४० वडे. मध्यम कढईत एका वेळी १२ वडे नीट तळतात. घाण्याला साडेतीन-चार मिनिटं, मग तेल परत १७५ ते १८० अंशांवर यायला मिनिटभर. वीस घाणे म्हणजे १०० मिनिटं. एवढा वेळ नसतो, म्हणून कारागीर एकदम २०-२२ वडे सोडतो. तेल १५० च्या खाली जातं, आवरण पकडत नाही आणि तेल पितं. फ्रिजमधल्या गार गोळ्या थेट सोडल्या तर बाहेरून लाल आणि आत थंड. त्यावर कहर म्हणजे गरम वडे स्टीलच्या डब्यात भरून झाकण घट्ट लावतात. आतल्या वाफेचं पाणी होतं आणि ते वड्यावरच पडतं. चेनच्या खोक्यांना भोकं असतात ती याचसाठी.

म्हणून ऑर्डर देताना असं सांगा : दोन कढया लावायच्या, म्हणजे ५० मिनिटांत काम होतं. दोन खेपा, १२०-१२० च्या, पहिली सभा संपायच्या दहा मिनिटं आधी. जाळीचे क्रेट, खाली कागद, वर सुती कापड, झाकण नको. ओली हिरवी चटणी नको, लसणाची कोरडी द्या, कारण ओली चटणी ५ अंशांखाली ठेवायची सोय आपल्या हॉलमध्ये नाही. सारण त्याच सकाळचं हवं. रात्री करणार असतील तर टोपात ठेवू नका म्हणावं, परातीत दोन इंचांपेक्षा जाड थर नको आणि गार होताच फ्रिजमध्ये. मोठ्या टोपाचा मध्य सकाळपर्यंत कोमट राहतो आणि आंबतो. तळायच्या तासभर आधी गोळ्या बाहेर काढायच्या.

बी-९०३:
आणि तेल? तेच काळं तेल नको.

सी-७०४:
ताज्या तेलाचा डबा आपल्यासमोर फोडायला सांगा, २४० वड्यांना कुठलंही हॉटेल नाही म्हणणार नाही. फेस कढईच्या काठाला चिकटून राहिला किंवा १८० अंशांच्या आतच धूर आला, तर ते तेल संपलेलं समजावं. नियमानं तेलातली ध्रुवीय संयुगं (तेल पुन्हापुन्हा तापवून त्यात तयार होणारे घटक) २५ टक्क्यांच्या वर गेली की ते वापरता येत नाही.

ए-१०१:
दादा, मग कौल परत घ्या. पण वरचा मजकूर आधी एका संदेशात टाका, म्हणजे लोक पाटी बघून मत देणार नाहीत.

बी-४०२ (समिती):
टाकतो. आधी संध्याकाळी हॉटेलवाल्याकडे जातो. दोन कढया, दोन खेपा, क्रेट आणि डबा समोर फोडणं, या चार गोष्टींना त्यानं हो म्हटलं तरच कौल पुन्हा लावू. सी-७०४, तुम्ही सात वाजता बरोबर याल का? बटाटा तुम्हीच बघा.

सी-७०४:
येतो. सुरी घेऊन येतो.