मन मोकळं ठेवायचं म्हणजे नेमकं काय?

धागाकर्ती:
माझी मुलगी डावखुरी. तिने उजव्या हाताने लिहावं म्हणून मी वर्षभर तिच्या मागे लागले होते. तिच्या बाईंनी समजावलं, नवऱ्याने समजावलं, माझं आपलं तेच. शेवटी ती माझ्यापासून वही लपवायला लागली, तेव्हा थांबले. ऐकून तर मी सगळ्यांचं घेत होते! म्हणून वाटतं, ऐकल्यावर आपण बदलतो का, यावरच मनाचा मोकळेपणा ठरावा. तुम्हाला काय वाटतं?

प्रतिसाद १:
अनुभव प्रामाणिक आहे, निष्कर्ष पटला नाही. 'मन मोकळं ठेवा' असं मला बहुतेक वेळा पुराव्याशिवाय काहीतरी गळी उतरवू पाहणारेच सांगतात. १९०३ मध्ये ब्लॉन्डलो या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने 'एन-किरण' सापडल्याचं जाहीर केलं आणि पाठोपाठ इतरांनाही ते दिसू लागले. पुढच्या वर्षी रॉबर्ट वुड हे अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ ब्लॉन्डलोंच्या प्रयोगशाळेत गेले आणि ज्याशिवाय किरण दिसायला नकोत तो उपकरणातला लोलक (प्रिझम) अंधारात गुपचूप काढून घेतला. तरी किरण 'दिसतच' राहिले. मुळात ते नव्हतेच. बदलायला तयार असलेल्या मनांनी इथे घात केला, संशयी माणसाने वाचवलं.

प्रतिसाद २:
आणि संशय घेणारेच चुकले तर? पोटातल्या आम्लात जिवाणू टिकूच शकत नाहीत, अल्सर होतो तो ताणामुळे आणि आम्लामुळे, असं डॉक्टर मंडळी धरून चालली होती. वॉरन आणि मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी अल्सरमागचा जिवाणू दाखवला तरी लोक मानेनात. १९८४ मध्ये मार्शल यांनी स्वतःच तो जिवाणू प्यायला आणि त्यांच्या जठराला सूज आली. नोबेल मिळालं २००५ मध्ये. मधल्या काळात किती रुग्णांनी नाहक सोसलं असेल!

प्रतिसाद १:
त्या रुग्णांबद्दल मलाही वाईट वाटतं. पण पुरावा मागितला ही चूक कशी? माझी अट साधी आहे. दावा करणाऱ्याने आधीच सांगावं, काय दिसलं तर तो दावा मागे घेईल.

प्रतिसाद ३:
ही अट स्वतःलाही लावता का? डार्विन आपल्या मताविरुद्ध जाणारी गोष्ट दिसली की लगेच टिपून ठेवत, कारण अशाच गोष्टी लवकर विसरल्या जातात हे त्यांच्या लक्षात आलं होतं. मी हे काही महिने करून पाहिलं. फार जड जातं. हात वहीकडे वळतच नाही.

धागाकर्ती:
ब्लॉन्डलोंचं मन मला तरी मोकळं वाटत नाही, त्यांना किरण हवेच होते. पण प्रतिसाद १, तुमच्या अटीने मला गप्प केलं. 'काय दिसलं तर थांबाल?' असं बाईंनी विचारलं असतं, तर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

प्रतिसाद १:
ऐकणाऱ्यानेही अट पाळावी, हे मान्य. तरी सिद्ध करायची जबाबदारी दोघांवर सारखी नाही, यावर मी ठाम आहे. नवं सांगणाऱ्यावर ती जास्तच.

प्रतिसाद २:
आणि तुमच्या मुलीच्या बाबतीत? 'उजव्याच हाताने लिहायला हवं' हे जुनं मत होतं. ते सिद्ध करायला कुणी कुणाला सांगितलं होतं?