हुक सरळ मागे ओढला की लॅमिनाच तुटते, मोजणी चुकतेय का?

टिळकवाडी_मेकॅनिकल
नमस्कार. बेळगावात एम.टेक.चा प्रकल्प चालू आहे: मणक्याच्या शस्त्रक्रियेतला लॅमिनर हुक (मणक्याच्या मागच्या बाजूच्या पातळ हाडाला, म्हणजे लॅमिनाला, अडकवायचा धातूचा हुक) किती जोर सोसतो ते मोजायचं. बोकडाचे कंबरेचे मणके, उद्यमबागेत मिलिंग करून घेतलेलं फिक्श्चर (नमुना पकडणारा साचा), यूटीएमवर (ओढून-दाबून जोर मोजणाऱ्या यंत्रावर) सरळ मागे ओढ. सहाही नमुन्यांत लॅमिना तुटली, हुकला ओरखडाही नाही. आकड्यांत मात्र दुपटीचा फरक येतोय. गाईड सर म्हणतात फिक्श्चर हलतंय. हुकची ताकद काढायची तरी कशी?

निपाणी_बायोमेक
लॅमिना तुटली म्हणजे चूक झाली असं नव्हे. धातूचा हुक हाडाच्या आधी जाणं अवघडच. नुसत्या इम्प्लांटची ताकद हवी असेल तर चाचणी वेगळी: हुक आणि तो ज्याला जोडतात त्या रॉडच्या जोडाची घसरण व पीळ एएसटीएमच्या एफ १७९८ या चाचणी-मानकाने, आणि पूर्ण रचना पॉलिइथिलीनच्या ठोकळ्यांत बसवून एफ १७१७ ने, थकव्यासाठी ५० लाख आवर्तनं. मणका घेतलात म्हणजे तुम्ही हाड आणि हुकची पकड मोजताय. प्रबंधात ते स्पष्ट लिहा.

दुपटीच्या फरकासाठी आधी हुकचं बसणं तपासा, फिक्श्चर नंतर. माणसासाठीच्या हुकचा घसा (लॅमिना ज्यात बसते ती खाच) बोकडाच्या लॅमिनाला सैल पडतो. मग हुक कलतो आणि सगळा भार लॅमिनाखाली जाणाऱ्या पात्याच्या टोकावर येतो. फिटर लोक ब्ल्यू (निळा खूण-रंग) लावून बघतात तसंच करा की: लॅमिना टिपून कोरडी करा, पात्याला पातळ ब्ल्यू लावा, हुक बसवून हलकी ओढ द्या आणि काढा. डाग पात्यावर रुंद उमटला तर बसलाय, टोकाशीच रेघ आली तर लहान घशाचा हुक घ्या. प्रत्येक लॅमिनाची जाडी व्हर्नियरने मोजून आकड्याशेजारी नोंदवा.

मणक्याच्या शरीरात (पुढच्या जाड भागात) लाकडात मारायचे दोन-तीन स्क्रू घालून ते दातांच्या कोल्ड क्युअर ॲक्रिलिकमध्ये रोवा. ॲक्रिलिक लॅमिनाला लागू देऊ नका, नाहीतर तिला खोटा आधार मिळतो. ते घट्ट होताना तापतं, म्हणून हाडावर सलाइनचा ओला गॉज ठेवा. आधी ५० न्यूटनचा प्रीलोड (सुरुवातीची हलकी ओढ), मग ५ मिलिमीटर प्रति मिनिट वेगाने ओढ.

खानापूर_ऑर्थो
वरच्या उत्तरात दिशेची भर घालते. हुक एकाच बाजूने धरतो. लॅमिनाच्या वरच्या कडेवरून घातलेला हुक खाली ओढलात तर घट्ट बसतो, वर ढकललात तर निसटतो. छातीच्या मणक्यातला पेडिकल (मणक्याचं शरीर आणि मागचा भाग जोडणारं हाड) धरणारा हुक याच्या उलट, वरच्या दिशेने भार घेतो. १९६२ साली अमेरिकन सर्जन हॅरिंग्टन यांनी मांडलेल्या रॉड-हुकच्या पद्धतीपासून हुक निसटणं आणि लॅमिना मोडणं या दोन तक्रारी आहेतच. म्हणून समोरासमोर दोन हुक आवळून क्लॉ करतात. ट्रान्सव्हर्स प्रोसेसवरचा (मणक्याच्या बाजूला निघालेल्या हाडावरचा) हुक सगळ्यांत कमजोर, कारण ते हाडच बारीक. एकट्या हुकची सरळ ओढ मोजून क्लॉबद्दल निष्कर्ष काढू नका.

पेडिकलमधून मणक्यात घालायच्या स्क्रूशी तुलना करणार असाल तर जपून. स्क्रूची पकड बरीचशी आतल्या जाळीदार हाडावर असते, त्यामुळे हाड ठिसूळ झालं की ती झपाट्याने घटते. लॅमिना बहुतांशी कठीण हाडाची, म्हणून सरळ मागच्या ओढीत तिथे हुक तुलनेने टिकतो. पण मणका फिरवून सरळ करायचा असेल तर स्क्रूला तोड नाही, तो मागून पुढच्या शरीरापर्यंत पोचतो.

आणखी एक. हुकसाठी जागा करताना लॅमिनाची कड किती मिलिमीटर कापली? जास्त कापली की तिथूनच तडा जातो. घसा सैल राहिला तर पातं मज्जारज्जूच्या बाजूला सरकतं, शस्त्रक्रियेत खरी भीती त्याचीच.

टिळकवाडी_मेकॅनिकल
धन्यवाद सर, मॅडम. कड कापल्याची नोंदच ठेवली नव्हती. मणके साध्या फ्रीजमध्ये चार दिवस होते, त्यानेही फरक पडतो का?

निपाणी_बायोमेक
पडतो. ते नमुने मोजणीत धरू नका. नवे आणाल तेव्हा सलाइनच्या गॉजमध्ये गुंडाळून दुहेरी पिशवीत उणे २० अंशांवर ठेवा, आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उतरवा आणि चाचणीभर ओले ठेवा. एकदा वितळलेला मणका परत गोठवू नका.