चर्चा: वस्तू आटोपशीर असण्यात एवढं काय आहे?

रानवाट

गेल्या रविवारी एका मित्राशी वाद झाला. तो म्हणाला, "मोठी परवडत नाही म्हणून लोक लहान वस्तू घेतात आणि मग तिचं कौतुक करत बसतात." तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. ते इथे देतो. पटलं नाही तर जरूर खोडून काढा.

माझ्या टेबलावर ऑलिंपस एक्सए आहे. १९७९ चा, योशिहिसा मैतानी यांच्या डोक्यातून आलेला फिल्मचा कॅमेरा. साबणाच्या वडीहून जरासा मोठा. पुढचं झाकण अंगठ्याने सरकवलं की भिंग उघडं पडतं आणि कॅमेरा तयार. सरकवून मिटलं की बंद. वेगळी टोपी नाही, चामड्याची पिशवी नाही, हरवण्यासारखं काही नाही. आणि फोटो मात्र ३५ मिमी फिल्मची पूर्ण चौकट वापरतो.

हे जमलं कसं? बहुतेक कॅमेऱ्यांत फोकस करताना अख्खी लेन्स पुढे-मागे होते. एक्सएमध्ये फक्त आतली भिंगं सरकतात, लेन्सचं तोंड जागचं हलत नाही. म्हणून तिच्यावरून झाकण सपाट फिरू शकतं, आणि झाकण आहे म्हणून तो बिनधास्त खिशात टाकता येतो. एकातून दुसरं निघालंय. 'छोटा कॅमेरा बनवू' म्हणून सगळं सरसकट कापत गेलं की असं होत नाही.

तेच १९५९ च्या मिनी मोटारीचं. अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी गाडी जेमतेम १० फूट लांब ठेवली, इंजिन आडवं बसवलं, गिअरबॉक्स त्याच्या पोटाखाली घातला आणि चाकं १० इंचांची घेतली. गाडीच्या तळाच्या जागेतला सुमारे ८० टक्के भाग माणसांना आणि सामानाला मिळाला. सुरुवातीच्या मिनीत खिडकीची काच खाली-वर होत नसे, आडवी सरकायची. त्यामुळे दारात काचेची यंत्रणाच नव्हती, आणि त्या रिकाम्या पोटात ऐसपैस कप्पा झाला. यंत्राकडून काढून घेतलेली जागा माणसाला दिली. मला आवडतं ते हे.

आमच्या घरी आजीचा फिरकीचा तांब्या आहे, पितळेचा. झाकणाला आटे, दोन वेढे फिरवले की घट्ट. पंढरपूरला जाताना तो पिशवीत आडवा पडायचा, थेंब सांडायचा नाही. त्या आट्यांवरून बोट फिरवलं की अजून धार लागते. आखूडशिंगी बहुदुधी गाय शोधून सापडत नाही म्हणतात. अशा वस्तूंत ती सापडते, कारण तिच्यासाठी कुणीतरी आपल्याआधी डोकेफोड केलेली असते.

भिंगवाला

रानवाट, तुमचा जीव वस्तूत आहे हे कळतं. पण तुम्ही वापरणाऱ्याच्या बाजूने लिहिलंय. मी उघडणाऱ्याच्या बाजूने लिहितो. मुंबईच्या बोरा बाजारात वडिलांबरोबर बसायला लागलो तेव्हापासून जुने कॅमेरे दुरुस्त करतोय.

एक्सएचं शटर विजेवर चालतं. बटणाच्या आकाराच्या दोन बॅटऱ्या संपल्या की कॅमेरा फोटोच काढत नाही. सर्किट म्हणजे वळणावळणाने दुमडून कोंबलेली पातळ पट्टी. एका कोपऱ्यातला सोल्डरचा डाग काढायला गेलं की दुसऱ्या कोपऱ्यातला सुटतो. सुटा भाग नवीन मिळत नाही. दुसऱ्या मेलेल्या एक्सएतून काढायचा. त्यातही गिऱ्हाइकाला वाटतं, एवढासा तर कॅमेरा आहे, पैसे कसले घेता?

याच कंपनीचा ट्रिप ३५ घ्या. साठच्या दशकातला, आकाराने मोठा, खिसा फुगवणारा. लेन्सभोवती उजेडावरच चालणारं सेलेनियमचं कडं, म्हणून बॅटरी लागतच नाही. आत हात घालायला जागा आहे. तेल-मळ साफ करून मी आजवर कितीतरी ट्रिप परत चालू केलेत. एक्सए निम्म्याहून जास्त वेळा हात जोडून परत दिलेत.

आटोपशीर करताना जी जागा काढून घेतली ना, ती दुरुस्ती करणाऱ्याच्या बोटांची होती.

मुक्ता_पुणे

गाड्यांचं बोलते, कारण तिथे हा मुद्दा जास्त अंगाशी येतो.

नॅनो आठवा. ३.१ मीटर लांब, इंजिन मागे, १२ इंची चाकं. मारुती ८०० पेक्षा बाहेरून ८ टक्के लहान आणि आतून २१ टक्के मोठी, असं टाटांनीच २००८ मध्ये सांगितलं होतं. इसिगोनिसचीच युक्ती, उलट्या बाजूने. माझ्या मामाकडे होती. सहा फुटी माणूस मागे ताठ बसायचा, डोकं टेकत नसे. रानवाट म्हणतात ती सगळी डोकेफोड त्यात होती. तरी २०१८ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. लोकांना आटोपशीरपणा एवढाच भावतो, तर तिला का नाकारलं? कारण तिच्यावर 'स्वस्त' असा शिक्का होता, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणालाही तो शिक्का नको होता. मामाला लग्नाकार्यात लोक विचारायचे, "अजून तीच का?"

शिवाय तिची मागची काच सुरुवातीला उघडत नव्हती. सामान ठेवायचं तर मागची सीट पाडून आतून. गावाहून तांदळाचं पोतं आणायचं म्हणजे मामी आधी दार उघडायची, मग सीट पाडायची, मग मामा वाकायचा. ही डोकेफोड वापरणाऱ्याच्या कंबरेवर आली.

दुसरं, आपल्याकडच्या कितीतरी 'कॉम्पॅक्ट' गाड्या कुणाच्या प्रतिभेतून आलेल्या नाहीत, त्या करातून आल्यात. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाड्यांचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्के झालं. मग चांगल्या उभ्या सेडानच्या डिक्या कापल्या गेल्या. बाजूने बघा, मागून कुणी करवत चालवल्यासारखी दिसते. सप्टेंबर २०२५ पासून तर जीएसटीत लहान गाडीला १८ आणि मोठीला ४० टक्के एवढा फरक आहे. याला आटोपशीर म्हणायचं?

रानवाट

मुक्ताताई, कापलेल्या डिकीला मीही आटोपशीर म्हणणार नाही. ती आखूड आहे, बस्स. माझा मुद्दा त्याने पडत नाही, उलट स्पष्ट होतो.

नॅनोबद्दल मात्र मला वाईट वाटतं. चांगली वस्तू लोकांनी नाकारली म्हणून ती वाईट ठरत नाही. तिच्या चाकाला चार ऐवजी तीनच नट होते, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खाली बसून मोजले होते.

नागोयाकर

अकरा वर्षं जपानात आहे. करामुळे आलेला आकार नेहमी करवतीसारखाच दिसतो असं नाही, म्हणून लिहितोय.

इथल्या 'केई' गाड्या पूर्णपणे नियमाने बांधलेल्या असतात: लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८, उंची २ मीटर, इंजिन ६६० सीसी. त्यापलीकडे एक इंच नाही. पिवळी नंबरप्लेट, कमी कर. बंधन इतकी दशकं टिकलं की कंपन्या त्याच्या आत पिढ्यान्‌पिढ्या घासत राहिल्या. लांबी-रुंदी वाढवता येत नाही म्हणून उंची वाढवली, दारं सरकती केली, मागची सीट अशी घडी होते की सायकल उभी आत जाते. माझ्या घरमालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या आहेत. उंच छपरामुळे त्या न वाकता आत बसतात.

आणि १९८३ ची आपली पहिली मारुती ८०० मुळात सुझुकीच्या केई गाडीचंच अंग आहे. इंजिन तेवढं ७९६ सीसीचं. वाड्यांच्या बोळांतून ती वळायची ती तिकडच्या नियमाची पुण्याई.

सह्याद्री_एसटी

बोळात वळणं ठीक. हायवेवर ट्रकसमोर काय? २०१४ मध्ये गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच छोट्या गाड्या ताशी ६४ किमीच्या वेगाने आपटून पाहिल्या. प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी पाचही गाड्यांना शून्य तारे. मी रोज नाशिक रस्त्यावर असतो. लहान गाडीचं कौतुक वाचलं की मला तो आकडा आठवतो.

मुक्ता_पुणे

मी विरोधी बाजूची असले तरी हे पूर्ण सांगायला हवं. त्या पाच गाड्या एअरबॅग नसलेल्या, सगळ्यात खालच्या प्रतीच्या होत्या. त्याच वेळी त्यांतली एक, पोलो, दोन एअरबॅग लावून पुन्हा आपटली. चार तारे मिळाले. गाडी तेवढ्याच लांबीची. काय वगळलं, प्रश्न तो होता. ट्रकपुढे वजन कमी पडतं हे तुमचं म्हणणं मात्र खरंच आहे.

वैशाली_मिरज

मी तंत्रातली नाही, पण दोन वर्षं जे बघतेय ते लिहिते.

बाबांना ऐकू कमी येतं. वय ७९. कानाचं मशीन घ्यायला गेलो तेव्हा दुकानदाराने सगळ्यात लहान, कानाच्या आत बसणारं दाखवलं. "कुणाला दिसणारसुद्धा नाही." आम्हा सगळ्यांना तेच आवडलं. खरं सांगायचं तर बाबांपेक्षा आम्हालाच.

त्याची बॅटरी १० नंबरची, पिवळ्या चिकटपट्टीची. मसुराच्या दाण्याहून थोडी मोठी. बाबांच्या बोटांना सांधेदुखी आहे आणि नजर अधू. दर चार-पाच दिवसांनी बॅटरी बदलायची. पट्टी सोलताना ती उडायची, कॉटखाली जायची. बाबा गुडघ्यांवर बसून चाचपायचे, मिळाली नाही की मशीन डबीत ठेवून द्यायचे. आम्ही विचारलं की म्हणायचे, "आज गरज नाही वाटली." आम्हाला वाटलं, त्यांना मशीनच आवडत नाही. सहा महिने ते माणसांत असून बोलत नव्हते.

मग कानामागे बसणारं घेतलं. दिसतं, चांगलं ठळक दिसतं. १३ नंबरची बॅटरी, केशरी पट्टी, चिमटीत धरता येते. आता स्वतः बदलतात. परवा फोनवर माझ्या आत्याशी अर्धा तास भांडले, मी दारात उभी राहून ऐकत होते.

रानवाट, तुम्ही लिहिलंत की कुणीतरी आपल्याआधी डोकेफोड केलेली असते. त्या पहिल्या मशीनमध्ये डोकेफोड नक्की होती. पण ती करताना बाबांची बोटं कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हती.

कस्तुरी

वैशाली, वाचून गलबलले. पण हीच गोष्ट उलट्या बाजूनेही आहे. माझा हात लहान आहे. आजचा कुठलाही फोन मला एका हाताने वापरता येत नाही. दुसऱ्या हातात लोकलची कडी असते, आणि वरच्या कोपऱ्यापर्यंत अंगठा पोचवताना फोन दोनदा रुळांच्या दिशेने निसटलाय. ५.४ इंची आयफोन मिनी २०२१ च्या 'आयफोन १३ मिनी'नंतर आलाच नाही. मी तोच जपून वापरतेय. मोठं म्हणजे सोयीचं असं धरून चालणारेही कुणाचा तरी हात विसरलेलेच असतात.

रानवाट

वैशालीताई, तुमचा प्रतिसाद काल रात्री तीनदा वाचला. मी वस्तूकडे बघत होतो, हाताकडे बघितलंच नाही. आजीचा तांब्या मला थोर वाटतो, पण त्याचं झाकण शेवटच्या काही वर्षांत आजीकडून उघडत नसे. ती मला हाक मारायची, "जरा फिरकी सोड रे." मला तेव्हा ते लाडाचं वाटायचं.

तरी मित्राचं 'परवडत नाही म्हणून' हे मला अजूनही मान्य नाही. मैतानी, इसिगोनिस यांनी काटकसर केली, पण ती वापरणाऱ्याला ऐसपैस वाटावं म्हणून. पण कुणाचा हात धरून मोजमाप घेतलं, हे आता आधी विचारीन.

भिंगवाले, एक कबुली. माझ्या एक्सएचं शटर महिनाभर अडकतंय. वर लिहिताना ते मी गाळलं. दाखवायला आणू का?

भिंगवाला

आणा. वचन देत नाही. आत्ताच बॅटऱ्या काढा आणि त्यांच्या खोबणीत हिरवट गंज दिसतो का ते बघा; तेवढंच असेल तर वाचेल. मागच्या दाराचा फोम चिकट झाला असेल तर बोट लावू नका, तो शटरपर्यंत जातो. माझ्याकडे दोन मेलेले एक्सए आहेत सुट्या भागांसाठी. त्यांतल्या एकाची पट्टी चांगली आहे, आजवर कुणासाठी काढली नाही.