नावात सॉलिसिट (म्हणजे काम मागणं), पण सॉलिसिट करायला बंदी… काम आणायचं तरी कसं?

फोर्टातली_मी

नमस्कार मंडळी, जरा मन मोकळं करायचंय, लांबलं तर सांभाळून घ्या. मी मुंबईत सॉलिसिटर आहे, म्हणजे मुख्यतः कागदपत्रांचं काम करणारी वकील. तीन वर्षं आर्टिकलशिप (सॉलिसिटरच्या हाताखाली उमेदवारी) करून लॉ सोसायटीची, म्हणजे सॉलिसिटरांच्या संस्थेची, परीक्षा दिलेली (ती अजून असते बरं का, वकीलच विचारतात "अगं ते बंद झालं ना?", बंद झाली ती हायकोर्टातली दुहेरी पद्धत, सॉलिसिटरने केस तयार करायची आणि दुसऱ्या वकिलाने कोर्टात उभं राहायचं ती, १९७६ च्या कायदादुरुस्तीने). बारा वर्षं एका फर्ममध्ये काढली आणि आता सहा महिने झाले स्वतःचं थाटलंय. टायटल सर्च (मालकीचे जुने कागद तपासणं), खरेदीखतं, सोसायट्यांचं रिडेव्हलपमेंट, मृत्युपत्रं असली कामं. फर्ममध्ये फाईल आपोआप टेबलावर येऊन पडायची, आता टेबल नवीन घेतलंय आणि त्यावर फक्त डबा असतो.

भाचा म्हणतो मावशी रील्स टाक. त्याला म्हटलं बार कौन्सिलचा नियम ३६ आहे बाबा, वकिलाने जाहिरात करायची नाही, एजंट ठेवायचा नाही, पाटीसुद्धा बेताची लावायची. २०२४ ला मद्रास हायकोर्टाने वकिलांची नावं लिस्ट करणाऱ्या साइट्सवरूनही कान उपटले होते. तर म्हणतो "मग तुमच्या नावातच सॉलिसिट कशाला ठेवलंय?" आता काय कपाळ बोलणार.

पाटीची गंमत ऐका. पेंटर विचारतो "मॅडम खाली 'प्रॉपर्टी स्पेशालिस्ट' टाकू का?" नाही टाकता येत, पाटीवर अमुक कामात तज्ज्ञ आहे असं लिहायचं नाही. पण वेबसाइटवर मात्र २००८ पासून कामाचं क्षेत्र लिहायला मुभा आहे. पेंटर म्हणाला मग लोकांना कळणार कसं? म्हटलं हेच मलाही कळत नाहीये.

आणि दुसरं दुखणं वाचनाचं. दिवसभर कागद वाचते, परवा १९५८ चं एक खरेदीखत वाचलं, चतुःसीमा अशी: "पूर्वेस वहाळ, दक्षिणेस पडकी विहीर, पश्चिमेस चिंच". आता वहाळावर रस्ता, विहिरीवर बँक आणि चिंच कुठली ते देवालाच माहीत. हे वाचायला मजा येते, पण रात्री कादंबरी हातात घेतली की डोळे आपोआप चुका शोधतात, लेखकाने "तो" लिहिलं की वाटतं हा तो म्हणजे कोण, व्याख्या कुठाय. पूर्वी जेवणाच्या सुट्टीत काळा घोड्याला डेव्हिड ससूनच्या लायब्ररीत लांब खुर्चीत पडून वाचायचे, तेही सुटलं. तुमचं कसं चालतं?

तालुका_कोर्ट

ताई, सातारा जिल्ह्यात २८ वर्षं वकिली करतोय. कामाची काळजी करू नका असं म्हणणार नाही, पहिली दोन वर्षं मी पण सासऱ्यांच्या स्कूटरवर काढलीत. एजंटांचा त्रास आजचा नाही, गांधीजी १८९१ ला बॅरिस्टर होऊन आले तेव्हा मुंबईत त्यांनाही पहिल्याच केसला दलाली द्या म्हणून सांगितलं होतं, त्यांनी दिली नाही, केस मिळाली ३० रुपयांची, स्मॉल कॉजेसला (छोट्या दाव्यांच्या कोर्टात) उभे राहिले आणि तोंडातून शब्द फुटेना, फी परत दिली. तेव्हा आपण बरे आहोत.

माझी एकच सवय सांगतो. दस्त सहीला जायच्या आधी पक्षकाराला समोर बसवून मोठ्याने वाचायचा आणि प्रत्येक कलम आपल्या बोलीत सांगायचं. हक्कसोड म्हणजे बाई तुझा हिस्सा गेला, परत मागता येणार नाही, असं तोंडावर. ही सवय कशी लागली ते पण सांगतो, लाज वाटते पण असो. एकदा जुन्या दस्तावर नवीन टाइप केलेला, घाईत होतो, वाचत होतो नुसता उपचार म्हणून, आणि आजोबा मध्येच म्हणाले "वकीलसाहेब, फ्लॅट ७०४ लिवलाय, आमची बिल्डिंग चार मजल्यांची हाय." मागच्या पक्षकाराचा नंबर तसाच राहिलेला. घाम फुटला. आजोबा रागावले नाहीत, उलट पुढच्या तीन वर्षांत त्यांच्या भावकीतली सहा कामं माझ्याकडं आली, म्हणायचे हा वकील वाचून दाखवतो.

लीड्सकर

मी इथे इंग्लंडमध्ये सॉलिसिटर आहे, मूळची नाशिकची. इथे १९८४ पासून जाहिरात करायला परवानगी आहे आणि घरखरेदीसारख्या कामांचे दर वेबसाइटवर टाकणं २०१८ च्या डिसेंबरपासून सक्तीचंच झालंय. पण लोकांच्या दारात जाऊन किंवा उगाच फोन करून काम मागायला इथेही बंदी, म्हणजे सॉलिसिट करता येत नाही ते नाहीच 😄

जाहिरात मोकळी झाली म्हणून सुख आलं असं समजू नकोस. लोक चार दर बघून सगळ्यात स्वस्ताकडे जातात, मग स्वस्त परवडायला एकेकाकडे ढीगभर फाइल्स. आणि आम्ही वेळ सहा-सहा मिनिटांच्या युनिटमध्ये लिहितो. रात्री लेकीला गोष्ट वाचून दाखवताना डोक्यात येतं, तीन युनिट झाली. तिला कळतं बरं का, म्हणते "आई तू घाईत वाचतेयस." वाचनाचं विचारशील तर मी फक्त स्वयंपाकाची पुस्तकं वाचते, त्यात कोणी कोणाला फसवत नाही.

डोंबिवली_सेक्रेटरी

मी वकील नाही, सोसायटीचा सेक्रेटरी आहे त्यामुळे गिऱ्हाईकाच्या बाजूने बोलतो. आमच्या आधीच्या वकिलांनी (नाव घेत नाही) बिल्डरशी करायच्या डेव्हलपमेंट अॅग्रीमेंटचा ९६ पानांचा ड्राफ्ट व्हॉट्सअॅपवर टाकला आणि खाली "प्लीज कन्फर्म". अहो काय कन्फर्म करू, मी बँकेत कॅशियर होतो. काम चालू असताना बिल्डरने आम्हाला द्यायचं भाडं बंद झालं तर त्याला काय होणार एवढंच आम्हाला पाहिजे होतं, ते ७१ व्या पानावर निघालं आणि उत्तर होतं काहीच नाही.

अजून एक, ते ११ महिन्यांचं. आमच्याकडे सगळे म्हणतात ११ महिन्यांचं लीव्ह लायसन (घर भाड्याने द्यायचा करार) असेल तर रजिस्टर करावं लागत नाही. नंतर कळलं महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे किती का महिने असेना, करावंच लागतं आणि जबाबदारी घरमालकाची. हे कोणी आम्हाला अर्धा तास सोसायटीच्या गच्चीवर येऊन सांगितलं तर काम त्यालाच देऊ. जाहिरात कसली त्यात, आम्हीच बोलावणार.

फोर्टातली_मी

सगळ्यांचे आभार. सेक्रेटरी काका, त्यात भर घाला, दस्त रजिस्टर नसेल तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात, घरमालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. गच्चीवर बोलावलंत तर येईन, चहा पुरे.

तालुका_कोर्ट यांचं ऐकून काल एका काकूंना त्यांचं मृत्युपत्र वाचून दाखवलं. अर्ध्यात थांबवलं मला, म्हणाल्या "पाटल्या सुनेला लिहिल्यात, पण देव्हारा कोणाला ते कुठाय?" दोन तास घेतलेली माहिती, देव्हाऱ्याचं मी विचारलंच नव्हतं. पेनाने लिहून घेतलं, आज नव्याने टाइप करून दोन साक्षीदारांसमोर सह्या.

तिथून सुटले ती सरळ ससूनला गेले, पुस्तक उघडलं आणि पंख्याखाली झोप लागली. जाग आली तर पुस्तक मिटून शेजारी ठेवलेलं, मधे कोणीतरी लोकलचं जुनं तिकीट खूण म्हणून घातलेलं. पान बरोबर होतं.