प्रति: व्हिएतनाम कसा सावरला?
काका, तुमचं म्हणणं असं की युद्ध थांबलं, अमेरिकेचा पैसा आला आणि व्हिएतनाम वर आला. क्रम उलटा आहे हो. दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव पडली आणि युद्ध संपलं १९७५ साली, अमेरिकेनं व्यापारबंदी उठवली ती १९९४ मध्ये! मधल्या काळात दक्षिणेतही सामुदायिक शेती लादली, कंबोडियात सैन्य अडकलं, १९७९ ला चीननं हल्ला केला, आणि १९८६ मध्ये महागाई ७०० टक्क्यांच्या वर. त्याच डिसेंबरात सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाच्या सहाव्या अधिवेशनात 'दोई मोई', म्हणजे अर्थव्यवस्था बाजाराला खुली करण्याचं धोरण आलं.

पण खरी मेख पक्षाच्या १९८८ च्या शेतीविषयक दहाव्या ठरावात. जमीन सरकारचीच, मात्र कसायला कुटुंबाकडे. ठरलेलं देणं देऊन उरलेलं धान्य त्यांचं. तांदूळ बाहेरून आणणारा देश १९८९ मध्ये दहा लाख टनांहून जास्त तांदूळ निर्यात करून बसला. राजकारण म्हणाल तर आजही एकच पक्ष, तिथं काही हललेलं नाही.

आमच्या सोलापुरात टॉवेलवाले व्हिएतनामचं नाव काढतात ते तिथल्या मजुरीचा हिशोब मांडायला. तिथं कारखान्यांच्या आधी शेतकऱ्याच्या हातात पैसा खुळखुळला होता, हे मात्र सोयीस्कर विसरतात.