दुःख ताजं असतानाच रंगवावं, की थांबावं?

मध्यमछटा: स्वतःवर गुदरलेलं चित्रात आणायचं तर ते ताजं असतानाच ब्रश उचलावा, नंतर उरतो तो नुसता देखावा, असं सर्रास सांगितलं जातं. मला पटत नाही. नॉर्वेचा चित्रकार एडवर्ड मुंक, त्याची बहीण सोफी १८७७ मध्ये क्षयानं गेली आणि 'द सिक चाइल्ड' त्यानं १८८५-८६ मध्ये रंगवलं. मधली आठ वर्षं वाया गेली का? ताज्या भरात माणूस ओल्या रंगावर ओला रंग चढवत सुटतो, ब्रश पुसत नाही. तासाभरात निळा, तांबडा, पिवळा मिळून मातकट लगदा. बघणाऱ्याला वेदना दिसतच नाही, चिखल दिसतो.

ओलारंग: चिखल न पुसलेल्या ब्रशमुळे होतो, दुःखामुळे नाही. पॅलेटवर पांढरा सोडून तीनच रंग काढा, गरम छटांना एक ब्रश आणि थंड छटांना दुसरा ठेवा, झालं. मेक्सिकन चित्रकार फ्रिडा काहलोचा गर्भपात जुलै १९३२ मधला आणि 'हेन्री फोर्ड हॉस्पिटल' त्याच वर्षीचं. पत्र्यावर तेलरंग, आकार जेमतेम ३० बाय ३८ सेंमी. गुळगुळीत पत्र्यावर बारीक ब्रशनं काम करताना हात आपोआप सावकाश चालतो. आठ वर्षं कशाला थांबायचं, चित्र लहान करा! आणि तुमच्या मुंकनं तर ते चित्र पुन्हा पुन्हा खरवडलंय, ओरखडे आजही दिसतात. निवलेल्या माणसाचं काम वाटतं का ते?

मध्यमछटा: खरवडणं म्हणजे काय ठेवायचं आणि काय काढायचं हे ठरवणंच की. तोच विषय त्यानं पुढच्या जवळपास चाळीस वर्षांत आणखी पाचदा रंगवला. ताजेपणावर भिस्त असती तर दुसऱ्यांदा काय रंगवलं असतं?

जवसतेल: तुमचं चालू द्या, पण अशी चित्रं खरी फसतात ती काळ्यात. दुःख म्हटलं की पहिलाच हात आयव्हरी ब्लॅकचा, म्हणजे ट्यूबमधल्या तयार काळ्याचा, तोही जाड. हा रंग तेल भरपूर पितो आणि सुकायला फार वेळ घेतो. वरचा पांढरा थर आधी सुकतो, खालचा हलत राहतो आणि पुढे भेगा पडतात. पहिला हात टर्पेंटाइननं पातळ केलेल्या बर्न्ट अंबरचा, म्हणजे गडद तपकिरीचा द्या, तो लवकर सुकतो. तेल वरच्या थरांत वाढवत न्या. गडद हवंच असेल तर बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन निळा मिसळा. तो काळा जिवंत दिसतो, ट्यूबमधला भोक पडल्यासारखा. जुनं पत्र किंवा वर्तमानपत्राचं कात्रण चिकटवणार असाल तर मूळ कागद जपून ठेवा आणि चांगल्या कागदावरची प्रत वापरा. वर्तमानपत्र पिवळं पडतंच.

ओलारंग: काळ्याबद्दल सहमत. आशा दाखवायला कोपऱ्यात पिवळा उजेड टाकतात, त्यावरही बोला कुणीतरी.

जवसतेल: तो उजेड बल्बसारखा दिसतो, कारण तो कशावर पडतच नाही. उजेडाची कड गालावर, चादरीच्या घडीवर, कुठेतरी उतरायला हवी. आधी काडेपेटीएवढ्या चौकोनात तीनच छटांत आराखडा करा आणि सर्वांत उजळ जागा एकच ठेवा. निव्वळ पांढरा शेवटच्या हातापर्यंत ट्यूबमध्येच राहू द्या. आजूबाजूचा राखाडी थोडा थंड ठेवला की मळकट पांढरासुद्धा ऊबदार वाटतो, पिवळा लागतच नाही.

मध्यमछटा: इंग्लिश चित्रकार वॉट्सचं 'होप' बघा, १८८६ चं. पृथ्वीच्या गोलावर डोळे बांधलेली बाई, हातातल्या वाद्याची एकच तार शाबूत. पहिल्या चित्रात आकाशात एक तारा होता, दुसऱ्या आवृत्तीत त्यानं तोही काढून टाकला. हे फेरविचारातून येतं, भरात नाही.

ओलारंग: त्याच वर्षात केलेला फेरविचार! आठ वर्षं कुठे थांबला तो? माझं म्हणणं एवढंच की त्या आठवड्यातच पेन्सिलनं दहा-बारा रेखाटनं करून तारखा घाला. रंग हवे तेव्हा लावा.

मध्यमछटा: रेखाटनं करा, पण रंगवताना ती भिंतीवर लावू नका. समोर असली की हात नक्कल करतो. पाठमोरी ठेवून आठवणीतून मांडणी करा. जे आठवत नाही ते बहुतेक वेळा चित्रालाही नको असतं.

ओलारंग: उशीचा चुरगळा आठवणीतून काढून दाखवा, मग बोलू.